बापाला उत्तर हवे होते

रक्षकानेच विश्वासघात केला, तर कुटुंबाने दाद कोठे मागावी? आणीबाणीत, १९७६ च्या मार्चमध्ये, कोझिकोडच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील राजन या विद्यार्थ्याला पोलिसांनी नेले. वडील प्रा. ईच्चर वारियर अधिकाऱ्यांचे व मंत्र्यांचे उंबरठे झिजवीत राहिले. १९७७ मध्ये ते केरळ उच्च न्यायालयात गेले, तेव्हा सरकारने अटकच नाकारली. न्यायालयाने मात्र ती झाल्याचा निर्वाळा दिला. मग मुख्यमंत्री करुणाकरन पायउतार झाले आणि कोठडीतील मृत्यूची कबुली आली. आईवडिलांना मुलाचा देहही मिळाला नाही.

मंत्री गेला म्हणून यंत्रणा बदलत नाही. छळविरोधी आंतरराष्ट्रीय करारावर भारताने १९९७ मध्ये सही केली. तदनुरूप कायदा संसदेने अद्याप केलेला नाही. तो करवून घेणे हे आपले काम आहे.