मापाचा काटा एकच असतो



एम.टेक.ला नेमकं काय शिकलास, ते सगळ्यांना कळेल असं सांग, असा सरांचा हुकूम आहे.

कापसाची वेचणी आपण सगळ्यांनी पाहिली आहे. एका बाईचं दहा दिवसांचं काम दहा बाया दिवसात उरकतात. महासंगणक तसाच: काम तोडून हजारो प्रोसेसरना वाटायचं. पण संध्याकाळी मापाचा काटा एकच. तिथं रांग लागते. जीन ॲमडाल यांनी १९६७ मध्ये हेच मांडलं. कामाचा दहावा हिस्सा वाटताच येत नसेल, तर कितीही प्रोसेसर लावा, वेग दहापटीपुढे जात नाही. माझी दोन वर्षं ही रांग कमी करण्यातच गेली.

१९९१ मध्ये पुण्याच्या सी-डॅकनं 'परम ८०००' बनवला. त्यामागचे डॉ. विजय भटकर शेजारच्या अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्याचे. मला हे थेट शेगावला इंजिनिअरिंग करताना कळलं!

वडिलांचं म्हणणं होतं, आता नोकरी धर, बहिणीचं लग्न आहे. गेटमुळं महिना १२,४०० रुपये मिळायचे. त्यातले पाच हजार घरी पाठवायचो. तरी दोन हंगाम त्यांनी एकट्यानं ओढले.

पहिल्या सत्रात इंग्रजी व्याख्यानं डोक्यावरून जायची. मग रोज रात्री तोच भाग मराठीत लिहून काढायचो. ती वही आणली आहे. सर, त्यातले अंश, छेद, चल हे शब्द तुमचेच. जेवणानंतर दाखवतो, ज्यांची मुलं गेट देणार आहेत त्यांनीही थांबावं.