चिमटीतला ताजमहाल

आग्र्याला जाऊन आलेल्या कोणत्याही कुटुंबाचा अल्बम उघडा. त्यात एक फोटो हमखास सापडतो. घरातलं कुणीतरी हात उंच करून उभं असतं आणि ताजमहालाच्या कळसाला त्याने दोन बोटांच्या चिमटीत धरलेलं असतं. आपण हसतो आणि पान उलटतो. पण त्या चिमटीमागे एक शास्त्र आहे. इंग्रजीत त्याला 'फोर्स्ड पर्स्पेक्टिव्ह' म्हणतात. आपल्याकडे गारुड्यासाठी 'नजरबंदी' हा छान शब्द आहे. आज मी तोच वापरणार आहे.

हिशेब अगदी साधा आहे. वस्तू जितकी लांब, तितकी ती डोळ्याला लहान दिसते. सहा फूट उंचीचा माणूस साठ फुटांवर उभा राहिला, तर तो पाच फुटांवर ठेवलेल्या सहा इंचांच्या बाहुलीएवढाच दिसतो. आता या दोघांमधली जमीन नजरेआड केली की झालं! माणूस आणि बाहुली शेजारी शेजारी आहेत असं वाटू लागतं. आपल्याला दोन डोळे असल्यामुळे जवळची वस्तू कोणती आणि लांबची कोणती हे बऱ्याचदा कळतं. कॅमेरा मात्र एकाक्ष. त्यामुळे तो लगेच फसतो आणि आपल्यालाही फसवतो.

माझा भाचा सांगलीचा. शाळेच्या सुटीत तो साताऱ्याला आमच्याकडे यायचा. एका दिवाळीत त्याने हट्ट धरला, "मामू, मला अजिंक्यतारा तळहातावर घ्यायचाय." माझ्याकडे रोलचा जुना कॅमेरा होता. गावातल्या मैदानातून किल्ला समोर दिसतोच. मी जवळजवळ जमिनीवर आडवा झालो, त्याने हात पसरला. "थोडा खाली... अजून... आता हलू नकोस!" पहिल्या रोलमध्ये किल्ला स्वच्छ आला आणि हात धुरकट. मग आम्ही एकेक गोष्ट शिकत गेलो. भिंगाचं छिद्र शक्य तितकं लहान ठेवायचं, म्हणजे जवळचं आणि लांबचं दोन्ही रेखीव येतं. हात कॅमेऱ्याच्या फार जवळ आणायचा नाही. सावल्या एकाच दिशेला पडतील अशी वेळ निवडायची. पुढे मोबाइल आले आणि हे सगळं सोपं झालं. मोबाइलचं भिंग इतकं चिमुकलं असतं, की जवळचं-लांबचं दोन्ही आपोआप स्पष्ट येतं. म्हणून तर आजची पोरं ही नजरबंदी हसतखेळत करतात.

पण ही कला मोबाइलवाल्यांनी शोधलेली नाही. ताजमहालाचंच घ्या. त्याच्या भव्य कमानीभोवती अमानत खानाने कुराणाच्या आयती कोरवून घेतल्या. वर जाता जाता अक्षरं मोठी मोठी होत जातात, म्हणूनच खाली उभ्या असलेल्या माणसाला ती वरपर्यंत सारखी दिसतात. आपण ज्याला चिमटीत धरून फसवू पाहतो, त्या ताजने आपल्याला आधीच फसवलेलं असतं.

आपल्या भागाला तर ही विद्या नवी नाहीच. सांगलीत विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली 'सीतास्वयंवर' रंगभूमीवर आणलं. पुढच्या काळात मराठी नाटकं रंगवलेल्या पडद्यांनी सजली. रस्ता, राजवाडा, अरण्य, सगळं कापडावर. शेजारच्या कोल्हापूरचे आनंदराव आणि बाबूराव पेंटर हे दोघे अशा पडद्यांसाठी नावाजलेले होते. पडद्यावरचा रस्ता लांबवर निमुळता होत गेलेला असे आणि वीतभर जागेत कोसभर अंतर मावत असे. गंमत अशी की, नट त्या रस्त्याच्या टोकाशी जाऊन उभा राहिला, तर तो घरांपेक्षा उंच दिसे आणि सगळी जादू संपे! याच बाबूरावांनी पुढे कॅमेरा हाती घेतला आणि मराठी सिनेमाचा पाया घालणाऱ्यांत त्यांचं नाव झालं. लहानपणी मिरजेच्या उरुसात आम्ही पडद्यावरच्या ताजमहालापुढे उभं राहून फोटो काढून घ्यायचो, तोही याच घराण्यातला.

सातासमुद्रापारही हेच चालतं. 'द फेलोशिप ऑफ द रिंग' हा २००१ सालचा चित्रपट अनेकांनी पाहिला असेल. त्यात एकाच गाडीवर बसलेला म्हातारा जादूगार धिप्पाड दिसतो आणि त्याच्या शेजारचा तरुण पोराएवढा. प्रत्यक्षात तो तरुण नट बराच मागे बसवलेला होता.

या सगळ्यामागचं कोडं हजार वर्षांपूर्वी एका माणसाने उलगडायला घेतलं होतं. बसऱ्यात जन्मलेला आणि कैरोत राहिलेला इब्न अल-हैथम. अकराव्या शतकात त्याने 'किताब अल-मनाझिर' हा दृष्टीवरचा मोठा ग्रंथ लिहिला. वस्तू केवढी आहे हे एकटा डोळा ठरवत नाही. ती किती लांब असावी याचा मन अंदाज बांधतं आणि त्यावरून आकार ठरवतं, असं त्याचं म्हणणं. अंदाज चुकला की आकार चुकला. क्षितिजावरचा चंद्र थोरला का दिसतो, याचं उत्तरही त्याने तिथेच शोधलं. तुम्हीही करून पाहा. पौर्णिमेचा चंद्र उगवताना परातीएवढा वाटतो. हात लांब करून करंगळीचं नख त्यावर धरा, चंद्र झाकला जाईल. मध्यरात्री तो डोक्यावर आला की पुन्हा धरा. तेच नख, तेवढाच चंद्र.

इथवर सगळी गंमत. पण २०१९ च्या ऑगस्टमध्ये या गमतीचं मोल आमच्या घराला कळलं. कृष्णा चढत होती. आपाच्या गल्लीत मोबाइलवर फोटो फिरत होते. एका फोटोत पाणी पुलाला टेकल्यासारखं दिसे. दुसऱ्यात घाटाच्या दोन-चार पायऱ्या पुढे ठळक दिसत होत्या आणि पाणी मागे, खोल, शांत. गल्लीतली वडीलधारी मंडळी हा दुसरा फोटो दाखवत एकमेकांना धीर देत होती, "अजून लांब आहे, सकाळी बघू." भाच्याने दोन्ही फोटो पाहिले आणि आईला म्हणाला, "अम्मी, हा लांबून मोठ्या भिंगाने काढलाय, म्हणून पूल आणि पाणी चिकटलंय. आणि हा पायऱ्यांजवळ वाकून काढलाय, म्हणून पायऱ्या मोठ्या आणि पाणी लांब. दोन्हींवर जाऊ नको. आयर्विन पुलाचा आकडा काय आहे ते विचार." आकडा ४५ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून वर सरकत होता. आपाने कागदपत्रं, औषधं आणि सासूबाईंना घेतलं आणि त्याच संध्याकाळी मिरज गाठलं. शेजारच्या दोन घरांनाही तिने सोबत ओढून नेलं. त्या पुरात पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. आपाच्या घरात ते माळ्यापर्यंत चढलं होतं.

१९२९ साली खुल्या झालेल्या त्या पुलाने पूर पुष्कळ पाहिले. त्याच्यापाशी मोजलेले फूट आणि इंच कोण कुठे उभा राहून बघतोय यावर बदलत नाहीत. फोटो मात्र बदलतो. तो खोटा असतो असंही नाही. कॅमेरा जिथे होता तिथून तसंच दिसत होतं. म्हणून कोणताही फोटो हाती आला की मी आता तीन प्रश्न विचारतो. काढणारा कुठे उभा होता? मधली जमीन दिसतेय का? आणि ज्याचा आकार मला नक्की माहीत आहे अशी एखादी वस्तू, माणूस, सायकल, विजेचा खांब, त्यात कुठे आहे का?

तुमच्या घरातल्या मुलांना ही नजरबंदी जरूर करू द्या. त्यांना किल्ला तळहातावर घेऊ द्या, सूर्य ओंजळीत धरू द्या. फक्त काढून झाल्यावर त्यांना कॅमेऱ्याच्या जागेवरून उठवा आणि दहा पावलं बाजूला नेऊन तेच दृश्य पुन्हा बघायला लावा. ही दहा पावलं चालायची सवय लागली, तर ती पोरं सहजासहजी फसणार नाहीत.