नदीचे वाटेकरी

नदी कोणाची, हा प्रश्न सोपा वाटतो. पण घाटावर उभें राहिलें म्हणजे त्याचें उत्तर सांपडत नाहीं. परीट आपला दगड दाखवितो, कोळी जाळें दाखवितो, शेतकरी पाट दाखवितो, भाविक तीर्थ म्हणून हात जोडतो, आणि गळ टाकून बसलेला हौशी मासेमार डोह आपला म्हणतो. प्रत्येकाचा हक्क खरा आहे. मात्र पाण्यांतील मासा कोणापुढें दाद मागूं शकत नाहीं.

महाराष्ट्राला हा प्रश्न नवा नाहीं. कर्नल साइक्स यांनीं १८३९ सालीं मुळा-मुठेंतील महसीर जातीच्या एका माशाचें वर्णन प्रसिद्ध केलें आणि ‘खुद्री’ हें इकडचेंच नांव शास्त्रांत रूढ केलें. महाडजवळ काळ नदीवरील वाळणकोंडींत महसीर वरदायिनी देवीचे म्हणून राखले जातात. १८९७ च्या कायद्यानें सुरुंगाची दारू उडवून, किंवा पाण्यांत विष अथवा चुना कालवून मासे मारणें हा गुन्हा ठरविला. परंतु देवीचा धाक डोहापुरता, आणि कायद्याचा धाक शिपाई दिसेपर्यंत! उरलेल्या नदीची राखण कोणीं करावयाची?

कर्नाटकांत कावेरीवर याचें एक उत्तर शोधलें गेलें. १९७२ सालीं स्थापन झालेल्या ‘वाइल्डलाइफ असोसिएशन ऑफ साउथ इंडिया’ या संस्थेनें नदीचा कांहीं भाग करारानें घेतला. पुढें भीमेश्वरी, गालिबोर येथें गळ टाकणाऱ्यांचीं शिबिरें चालूं लागलीं. पकडलेला मासा तोलून जिवंत परत सोडावा, हा तेथला नियम होता. पूर्वीं चोरून मासे मारणारे कांहीं गांवकरी तेथें राखणदार आणि वाटाडे झाले; कारण जिवंत माशावर त्यांचें पोट अधिक चांगलें चालूं लागलें.

२०१२ च्या सुमारास अभयारण्यांतील हा खेळ बंद झाला. इतर प्राण्यांची शिकार जेथें निषिद्ध, तेथें माशालाच वेगळा न्याय कां, हा आक्षेप गैर नव्हता. परंतु खेळाबरोबर राखणदारांचा आधारहि सुटला.

मागें राहिल्या त्या शिबिरांतील वह्या. गालिबोरच्या १९९८ ते २०१२ या काळांतील सहा हजारांहून अधिक माशांच्या नोंदी संशोधकांनीं तपासल्या आणि २०१५ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध केले. गळाला लागणारे मासे वाढत होते. पण वाढत होता तो पुण्याकडचा खुद्री. लोणावळ्याच्या पैदास केंद्रांत वाढवून तो चांगल्या हेतूनेंच कावेरींत सोडला गेला होता. कावेरीचा स्वतःचा, पाठीवर कुबड असलेला महसीर मात्र विरळ होत चालला होता. २०१८ सालीं त्याची शास्त्रीय ओळख निश्चित झाली, आणि त्याच वर्षीं तो अतिसंकटग्रस्त जातींच्या यादींत गेला. मासे पुष्कळ आहेत एवढ्यावर सारे समाधानी राहिले असते, तर ही हानि कोणाच्या ध्यानींहि आली नसती.

देवस्थान डोह राखतें, कायदा दारू आणि विष अडवितो, कोळ्याला माशांचे हंगाम ठाऊक असतात, आणि गळवाल्याच्या वहींत वर्षांचा हिशेब असतो. यांपैकीं कोणासहि घाटावरून हांकलून नदीचें भलें होत नाहीं. त्यांनीं एकत्र बसून नियम ठरविले पाहिजेत आणि पाळले पाहिजेत. पुलाखालीं गळ टाकून बसलेला मनुष्य दिसला, तर त्यास रिकामटेकडा म्हणण्यापूर्वीं या पाण्यांत कोणते मासे उरले आहेत, एवढें श्रोत्यांनीं त्यास अवश्य विचारावें. पुष्कळदां तें त्यालाच ठाऊक असतें.