मातीच्या भरावाची राखण



बुलढाणा जिल्ह्याच्या मध्यातून अजिंठ्याची डोंगररांग गेलेली आहे. घाटमाथ्यावर पडलेल्या पावसाचे येथे दोन वाटे होतात. दक्षिणेकडचे पाणी पैनगंगा आणि खडकपूर्णा यांच्या वाटेने गोदावरीकडे जाते. उत्तरेकडचे पाणी नळगंगा, विश्वगंगा, ज्ञानगंगा यांच्या पात्रांतून घाट उतरून पूर्णेला आणि पुढे तापीला मिळते. पूर्णेच्या पलीकडे सातपुड्याचा पायथा लागतो. अशा उताराच्या मुलखात पूर सावकाश चढत नाही. काही तासांच्या पावसात नाला नदीचे रूप घेतो आणि पाऊस ओसरताच कोरडा पडतो. 22 जुलै 2023 रोजी जळगाव जामोद व संग्रामपूर तालुक्यांनी हे अनुभवले. गावांत पाणी शिरले आणि शेते खरडून निघाली. पीक पुढच्या हंगामात पुन्हा उभे राहते. वाहून गेलेली माती एका पिढीत परत येत नाही.

अशा पुरावर केवळ मोठे धरण हा उपाय होऊ शकत नाही. ते खाली, नदी मोठी झाल्यावर बांधले जाते. तोवर वरच्या गावांचे व्हायचे ते नुकसान होऊन गेलेले असते. वरच्या नाल्यावरचा मातीचा छोटा भराव पूर नाहीसा करीत नाही, पण त्याची उंची कमी करतो आणि वेळ लांबवतो. रिकामा तलाव पहिला लोंढा पोटात घेतो. भरलेला तलावसुद्धा पाणी आपल्या विस्तारावर पसरवून सांडव्याच्या बेताने खाली सोडतो. गावाला हवी असते ती एवढीच सवड.

महाराष्ट्रातील असे हजारो भराव कोणी उभे केले, हेही विसरता कामा नये. 1972 च्या दुष्काळात शेतकरी व शेतमजूर स्त्री-पुरुष खडी फोडायला आणि माती वाहायला बाहेर पडले. मे 1973 मध्ये दुष्काळी कामांवरील मजुरांची संख्या सुमारे 50 लक्षांवर गेली होती. त्यानंतर 1977 साली रोजगार हमीचा कायदा झाला आणि 26 जानेवारी 1979 पासून तो अंमलात आला. पाझर तलाव, नाला बांध, गाव तलाव ही त्या घमेल्यांची कमाई आहे. ती सरकारने दिलेली भेट नव्हे. श्रमिकांनी निर्माण केलेली सार्वजनिक मालमत्ता आहे.

परंतु या मालमत्तेचा स्वभाव जाणून घेतला पाहिजे. मातीच्या धरणाच्या पोटात चिकण काळ्या मातीचा गाभा असतो, त्यावर मुरुमाचे आवरण आणि पाण्याच्या बाजूला दगडी अस्तर. ते मुख्यतः दोन प्रकारांनी फुटते. एक, सांडवा तुंबला किंवा अपुरा पडला की पाणी माथ्यावरून वाहते आणि भराव पाहता पाहता कापला जातो. दुसरा, भरावाच्या आतून पाणी वाट काढते. घुशीचे बीळ, बाभळीची कुजलेली मुळी, नीट न दबलेला थर यांतून आधी झरा लागतो. झऱ्याचे पाणी गढूळ दिसू लागले की आतली माती निघून जात आहे असे समजावे. दोन्ही दोष बहुधा आधीच दिसतात. ते पाहणारा माणूस मात्र नेमलेला नसतो.

12 जुलै 1961 रोजी पानशेतचे मातीचे धरण फुटले. पुण्यावर आघात झाला म्हणून ती तारीख सर्वांना पाठ आहे. 2 जुलै 2019 च्या रात्री चिपळूण तालुक्यातील तिवरे येथील धरण फुटले आणि भेंदवाडी वाहून गेली. वीसहून अधिक माणसे दगावली. गळतीविषयी ग्रामस्थांनी आधीच तक्रारी केल्या होत्या. तत्कालीन जलसंधारण मंत्र्यांनी दोष दिला तो खेकड्यांना! खेकडा भराव पोखरतो हे एक वेळ मान्य करता येईल. पण त्याने पोखरलेले भोक बुजविण्याची जबाबदारी खेकड्यावर कशी टाकता येईल?

पुढे 2021 साली केंद्राने धरण सुरक्षा कायदा केला. तो 15 मीटरांहून उंच धरणांना लागू होतो; 10 ते 15 मीटर उंचीची धरणे काही अटी पूर्ण केल्या तरच त्यात येतात. 10 मीटरांच्या आतला भराव या कायद्याच्या कक्षेबाहेरच राहतो. म्हणजे ज्याच्या खाली मजुरांची वस्ती, दलित वस्ती, आदिवासी पाडा असण्याचा संभव अधिक, त्याच भरावाच्या तपासणीची हमी या कायद्यात नाही. जिल्हा परिषदेकडे सोपविलेल्या तलावाचे उद्घाटन थाटाने होते. डागडुजीचा पैसा मात्र अंदाजपत्रकात शोधावा लागतो.

गाळ काढण्याच्या मोहिमेकडेही डोळसपणे पाहावे लागेल. महामार्गाच्या भरावासाठी तलावांतील माती व मुरूम उचलण्याची पद्धत ‘बुलढाणा पॅटर्न’ म्हणून गाजली. तिने तलावांची साठवण वाढली, हा लाभ नाकारण्याचे कारण नाही. पण कंत्राटदाराचे यंत्र भरावाच्या पायथ्याशी भिडून खोदू लागले, तर पाण्याला धरणाखालून वाट मिळते. किती खोल आणि भरावापासून किती अंतरावर खोदावे, हे यंत्राच्या सोयीने नव्हे, अभियंत्याच्या आखणीने ठरले पाहिजे. आणि ती आखणी ग्रामसभेपुढे मांडली गेली पाहिजे.

म्हणून मागणी स्पष्ट असावी. प्रत्येक छोट्या भरावाची तालुकावार नोंदवही ठेवा आणि ती लोकांना खुली करा. पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर तपासणी करा. सांडव्यातील अतिक्रमण हटवा. भरावावरील झाडोरा काढणे, बिळे बुजविणे, अस्तर बसविणे ही कामे रोजगार हमीतून दरवर्षी द्या. गावातलाच एक राखणदार वेतन देऊन नेमा आणि त्याने दिलेल्या सूचनेची दखल किती दिवसांत घ्यायची, हे बांधून द्या.

कार्यकर्त्यांनी केवळ निवेदनांवर थांबू नये. मृग लागण्यापूर्वी आपापल्या गावच्या भरावावरून एकदा चालत जावे. सांडवा मोकळा आहे का, पायथ्याशी ओल आहे का, हे पाहून लेखी नोंद करावी आणि तिची पोच घ्यावी. ज्यांच्या हातांनी ही माती चढविली, त्यांच्याच घरांवर ती कोसळू देणे हा केवळ हलगर्जीपणा नव्हे, अन्याय आहे; आणि अन्यायाची दाद पूर येण्यापूर्वीच मागायची असते.