ओस वाड्यांतील भूत

वाशीमकडे काय किंवा कोंकणांत काय, वाडा ओस पडला कीं त्यांत भूत राहावयास आलेंच! मालाडच्या बॉम्बे टॉकीजनें 1949 सालीं काढलेल्या 'महल' या बोलपटांत दिग्दर्शक कमाल अमरोही यांनीं हीच समजूत कसोटीस लावली आहे.

नदीकांठच्या ओसाड महालांत शंकर राहावयास येतो. जुन्या तसबिरींत त्याला स्वतःचाच चेहरा दिसतो. रात्रीं मृत कामिनीचें गाणें ऐकूं येतें. जोसेफ विर्शिंग यांच्या छायाचित्रणानें तेथील अंधार जिवंत होतो. खेमचंद प्रकाश यांच्या चालीवर लता मंगेशकरांचा स्वर दुरून हळूहळू जवळ येतो. पुढें रंजनेशीं विवाह झाला, तरी शंकराचें मन त्या छायेंतच गुंतून राहतें.

अखेरीस उलगडा होतो. कामिनी म्हणून वावरणारी ती माळ्याची मुलगी आशा! भूत नव्हतेंच. मात्र उपेक्षित रंजनेनें घेतलेलें विष खरें होतें, आणि तिच्या हत्येच्या आळापायीं शंकराला झालेली फांशीची शिक्षाहि खरी होती. ती शिक्षा टळते. पण शंकर वांचत नाहीं.

म्हणून 'भूत नाहीं' एवढें सांगून भागत नाहीं. त्या समजुतीपायीं घरांतील कोणाची उपेक्षा होत आहे, हें वेळींच पाहणें अगत्याचें आहे.