श्रद्धा आधी की नवा जन्म?



आम्ही धर्मशास्त्री नव्हे. वाळूज-चिकलठाण्याच्या कामगारांत संघटनेचे काम करता करता जे वाचन घडले, तेवढीच आमची विद्या. परंतु ख्रिस्ती धर्मशास्त्रातला एक जुना वाद आम्हांला आमच्याच धंद्यातला वाटतो, म्हणून तो आपणांपुढे मांडतो.

योहानाच्या शुभवर्तमानात येशू निकदेमाला सांगतो, की नव्याने जन्मल्यावाचून देवाचे राज्य दिसत नाही. हा आपल्याकडचा पुनर्जन्म नव्हे. तो मेल्यावर होतो; हा जिवंतपणी. मग माणूस श्रद्धा ठेवतो म्हणून नवा जन्मतो, की नवा जन्मतो म्हणून श्रद्धा ठेवू शकतो? कॅल्व्हिनची परंपरा म्हणते, मेलेला माणूस हाकेला ओ देईल कसा? आधी देव जिवंत करतो, मग श्रद्धा. वेस्लीचे अनुयायी म्हणतात, देवाची कृपा आधी येऊन होकाराइतके बळ देते. तो होकार हीच श्रद्धा, आणि तिच्यामागून नवा जन्म. रोमन कॅथलिक मंडळी नव्या जन्माची सांगड बाप्तिस्म्याशी घालतात.

आता पंडिता रमाबाईंकडे पाहा. 1883 साली इंग्लंडात वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. 1889 साली त्यांनी मुंबईत शारदा सदन काढले. असे असूनही 1907 सालच्या आपल्या साक्षीत त्या सांगतात, की बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी आपल्याला उमगले : धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. म्हणजे बुद्धीची मान्यता होती, संस्कार झाला होता, सत्कार्यही चालू होते. तरी आत काही व्हायचे राहिले होते.

आम्हांला हे चटकन पटते. वर्गणीची पावती फाडली म्हणजे कामगार जागा झाला, असे होत नाही. पण तो जागा नसेल, तर गेटसभेत घसा कोरडा का करावा? कॅल्व्हिनच्या परंपरेचे यावर उत्तर आहे : देव ज्या साधनाने जिवंत करतो, ते साधन म्हणजेच ती हाक.

दोन्ही पक्ष एकेक गोष्ट राखतात. पहिला म्हणतो, मी स्वतःला घडवले अशी फुशारकी नको. दुसरा म्हणतो, माझ्यावर अजून कृपा झाली नाही, असे म्हणून हातावर हात ठेवून बसू नको. शास्त्र्यांचा निवाडा शास्त्री करोत. कामगारांत वावरणाऱ्या आम्हांला मात्र हे दोन्ही इशारे रोज लागतात : पहिला पुढाऱ्यासाठी, दुसरा सभासदासाठी.