अग्निभूमीवरील फुलें



बागवान म्हटला कीं आपल्या डोळ्यांपुढें वाफे, आळीं आणि पाण्याचा पाट उभा राहतो. आज मी ज्याची हकीकत सांगणार आहें, तो मात्र ऐन तारुण्यांत अशा देशीं फुलें पाहावयास गेला कीं जेथें माती हीच दुर्मिळ वस्तु. त्याचें नांव विल्यम जॅक्सन हूकर. पुढें १८४१ सालीं तो लंडनजवळील क्यू येथील विख्यात उद्यानाचा संचालक झाला. पण १८०९ च्या उन्हाळ्यांत आइसलंडच्या किनाऱ्यास लागला तेव्हां तो अवघ्या तेवीस वर्षांचा होता.

आइसलंड हें बेट उत्तर ध्रुववृत्ताच्या लगत आहे. त्याचा विस्तार आपल्या महाराष्ट्राच्या सुमारें एक-तृतीयांश, आणि त्यांतील दहावा हिस्सा बर्फाखालीं. या बेटाखालीं पृथ्वीचें कवच दुभंगत आहे. त्या भेगांतून तप्त शिलारस वर येतो. हूकर जाण्याच्या सव्वीस वर्षें आधीं, १७८३ सालीं, लाकी येथें असा स्फोट झाला कीं तो आठ महिने शमला नाहीं. विषारी वायूंनीं गवत नासलें, निम्म्याहून अधिक जनावरें मेलीं आणि मागून आलेल्या दुष्काळांत सुमारें पांचवा हिस्सा माणसें दगावलीं.

आपला सह्याद्रि ज्या काळ्या पाषाणाचा, त्याच जातीचा हा पाषाण. परंतु आपला पाषाण सुमारें साडेसहा कोटी वर्षांचा. त्याची झीज होऊन काळी माती तयार झाली. आइसलंडचा पाषाण कोवळा. त्यावर प्रथम येतें तें शेवाळ, आणि आपल्या मसाल्यांतील दगडफुलाचीं भावंडें. लाकीच्या शिलारसावर आज करड्या-हिरव्या शेवाळाची जाड गादी पसरली आहे. तिच्यावर पाऊल पडलें तर त्याची खूण वर्षानुवर्षें बुजत नाहीं.

अशा भूमीवर जूनमध्यें, जेव्हां रात्रीलाही काळोख होत नाहीं, तेव्हां फुलें उमलतात. खडकाळ माळावर आठ पाकळ्यांचें पांढरें होल्तासोलेय डोलूं लागतें. २००४ सालीं आइसलंडच्या लोकांनीं त्याला आपलें राष्ट्रीय पुष्प ठरविलें. सिलीनीचीं रोपटीं वाऱ्याच्या भयानें एकमेकांस बिलगून उशीसारखा गोल आकार घेतात, आणि त्या उशीवर गुलाबी फुलांची जाळी विणली जाते. नदीच्या वाळवंटांत किरमिजी एयरारोस फुलतें. खडकांना चिकटून रानटी थाइम पसरते. तिचा काढा तेथील लोक चहासारखा पितात. या सर्वांना थोड्या आठवड्यांत फुलणें, फळणें आणि बीं टाकणें उरकावें लागतें.

हूकरनें पुष्कळ वनस्पति गोळा करून वाळविल्या, टिपणें लिहिलीं. परंतु परतीच्या वाटेवर त्याच्या जहाजास आग लागली. दुसऱ्या जहाजानें माणसें वांचविलीं. हूकरचा संग्रह व बहुतेक टिपणें मात्र भस्म झालीं. तो खचला नाहीं. सर जोसेफ बँक्स यांनीं १७७२ सालीं आइसलंडचा प्रवास केला होता. त्यांनीं आपले कागद त्याच्या हवालीं केले. ते आणि स्वतःची स्मृति यांच्या आधारें त्यानें प्रवासवर्णन लिहून १८११ सालीं छापविलें.

कागदावरून गेलेलें असें भरून काढतां येतें. भूमीवरून गेलेलें इतक्या सहजासहजीं भरून येत नाहीं. नवव्या शतकाच्या अखेरीस माणसें तेथें वसावयास गेलीं, तेव्हां डोंगरापासून समुद्रापर्यंत झाडी होती, असें बाराव्या शतकांतील इतिहासकार आरी यानें लिहून ठेविलें आहे. ती झाडी मुख्यतः खुज्या भूर्जवृक्षांची. सरपणासाठीं आणि कोळशासाठीं ती तुटली. उरलेले कोंब मेंढरांनीं खाल्ले. मग उघडी पडलेली माती वाऱ्यानें उडाली.

ही जखम भरून काढण्यासाठीं १९४५ सालीं वनखात्याचे प्रमुख हाउकोन ब्यार्नासन यांनीं अलास्कांतून ल्युपिन नांवाची निळ्या तुऱ्यांची वनस्पति आणली. ती आपल्या तूर-हरभऱ्याच्या कुळांतली. मुळांवरील गांठींच्या योगें हवेंतील नत्र जमिनीस देते. उजाड वाळू तिनें खरोखरच हिरवी केली. जूनच्या अखेरीस टेकड्या निळ्या झालेल्या पाहून प्रवासी हरखून जातो. परंतु तीच ल्युपिन आतां शेवाळाच्या गादीवर आणि रानबेरींच्या झुडुपांवर चढली आहे. तिच्या दाट सावलींत होल्तासोलेयसारखीं ठेंगणीं फुलें गुदमरतात. तिला उपटावें कीं राहूं द्यावें, यावर आइसलंडांत अजून वाद चालू आहे.

दोन्ही पक्षांचें म्हणणें मला समजतें. वाळूचें वादळ ज्याच्या शेतावर येतें, त्याला ल्युपिन देवतेसारखी वाटणार. पण शेवाळानें शतकाशतकांत जी बोटभर माती जमविली, तिच्यावर त्या ठेंगण्या फुलांचाही हक्क आहे. बागवानाला लावण्याची हौस असतेच. लावलेलें केव्हां आवरावें, हें ज्ञान त्याहून कठीण. जेथें भूमि अगदीं ओसाड आहे तेथें ल्युपिन असूं द्यावी, आणि जेथें शेवाळ व होल्तासोलेय जिवंत आहेत तेथें तिला शिरूं देऊं नये, असें मला वाटतें. हें सांगणें सोपें आहे. तिचें बीं मात्र कुंपण ओळखत नाहीं.